नागपुरात भाऊ आहे ना!

बारावीचा निकाल लागला की इटियाडोहच्या आसपासच्या गावांत, म्हणजे प्रतापगड, गोठणगाव, केशोरी या पट्ट्यात, फोनांना ऊत येतो. कोणाला किती टक्के पडले, कोणाचा पोरगा इंग्रजीत लटकला, हे पहिल्या दिवशी बोलून होतं. दुसऱ्या दिवसापासून एकच काळजी. "पोराले नागपूरले टाकाचं म्हनतो, पन तिथं आपलं कोन आहे?" याचं उत्तर पट्ट्यात सगळ्यांना पाठ आहे. "काहून घाबरता जी? नागपुरात भाऊ आहे ना!"

मग एक नंबर या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये जातो आणि 'भाऊ नागपूर' या नावाने तिथे बसतो. भाऊचं पाळण्यातलं नाव फार थोड्यांना माहीत असेल. विद्यापीठाच्या दप्तरात मात्र ते असणारच, आणि बऱ्याच वेळा असणार, कारण भाऊने तिथे प्रवेश घेणं अजून थांबवलेलं नाही.

भाऊ काय करतो? "शिकून राह्यला." हे उत्तर कैक वर्षं खरं आहे. बी.ए. झालं. मराठीत एम.ए. झालं. मग लोकप्रशासनाला पुढे वाव आहे असं कोणीतरी म्हणालं, म्हणून तेही झालं. मधल्या एका रिकाम्या वर्षात ग्रंथालयशास्त्र उरकलं. सध्या नेटचा अभ्यास, एमपीएससीचा फॉर्म आणि 'पेट' देऊन पीएच.डी. करायचा विचार असं तिन्ही सोबत चालू आहे. नेटचं विचारलं की तो एमपीएससीचं सांगतो, एमपीएससीचं विचारलं की पीएच.डी.च्या गाइडबद्दल बोलतो, आणि पीएच.डी.चं विचारलं की चहा सांगतो. कानशिलावर पांढरं दिसायला लागलं आहे. गळ्यात ओळखपत्र आहे आणि ते चालू वर्षाचं आहे. त्यावरचा फोटो तेवढा बी.ए. भाग एकचा.

हा माणूस आमच्याच पट्ट्याला लाभला आहे असं कोणी समजू नये. सालेकशाचा एक भाऊ आहे, देवरीचा आहे, लाखांदूरचा आहे, पवनीचा तर दोन गटांचे दोन आहेत. त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. लाखांदूरच्या पोराला आमच्या भाऊने चुकून रूम दाखवली तर लाखांदूरचा भाऊ आठ दिवस बोलत नाही. पुढे आमच्या दोन पोरांना त्याच्या मेसमध्ये लावून दिलं की मग मिटतं.

नागपुरात उतरलेल्या आमच्या पोराची पहिली अडचण त्याच्या गावाच्या नावापासून सुरू होते. "गाव कोणतं?" "प्रतापगड." ऐकणारा थेट सातारा जिल्ह्यात पोचतो. अफझलखान, १६५९, वाघनखं. एका पोराला तर रूममेटने विचारलं, "मग तुमच्याकडं महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी स्वस्त मिळत असेल?" पोराने स्ट्रॉबेरी तोवर फक्त आइस्क्रीमच्या डब्यावर पाहिली होती. भाऊचं उत्तर मात्र तयार असतं. "तो त्यांच्यावाला. आपल्यावाला जिल्हा गोंदिया, तालुका अर्जुनी मोरगाव. किल्ला आपल्याकडेबी आहे, फक्त त्याच्यावर पिक्चर नाही निघाला." आणि कोणी अजून दोन मिनिटं उभं राहिलं तर त्याला आमचा महादेव, आमचा दर्गा, महाशिवरात्रीची यात्रा, एकाच गावात दोन्ही ठिकाणी डोकं टेकणारी माणसं, हे सगळं ऐकून घ्यावं लागतं. भाऊ बाहेरगावी राहून गावाचा जितका अभिमानी झाला, तितका गावात राहून झाला असता असं मला वाटत नाही.

खरं तर आमच्या पोरांना वडसा जवळ. पण मधून जिल्ह्याची रेघ जाते. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ निघालं, वडसा तिकडे गेलं आणि आम्ही नागपूरकडेच राहिलो. त्यामुळे आमच्याकडे रात्रभराचं झाडीपट्टीचं नाटक ठरवायचं तर वडसा आणि एम.ए., एम.एस्सी. करायची तर दीडशे किलोमीटरवरचं नागपूर, अशी वाटणी आहे. तालुक्यात कॉलेजं आहेत, बी.ए. तिथेही होतं. पण "पोरगा नागपूरले आहे" या वाक्याचं वजन "पोरगा मोरगावले जाते" या वाक्याला नाही, हे बापांना पक्कं ठाऊक असतं.

आता यातली गंमत अशी की प्रवेशाच्या तारखा आणि रोवणा एकदमच येतात. सरकारात धानाची बांधी पाहिलेलं कोणी हे वेळापत्रक करतं का, अशी मला फार दिवसांची शंका आहे. जुलैत पऱ्हे तयार, पाणी साचलेलं, रोवणाऱ्या बायांची गँग मोठ्या मिनतवारीने दोन दिवसांसाठी मिळालेली, आणि त्याच दोन दिवसांत पहिली यादी लागते. बाप चिखलात उभा राहून फोनवर सांगतो, "रोवना सोडून कसा येऊ बाबू? तू जाय. भाऊ आहे ना तिथं." मग पोरगा एक बॅग आणि आईने बांधून दिलेलं तांदळाचं पोतं घेऊन एकटाच एसटीत बसतो. नवेगावबांध, साकोली, लाखनी, भंडारा, मौदा. साकोलीपासून भाऊचे फोन सुरू. "कुठं पोचला?... बरं. भंडाऱ्याले उतरून पानी पिऊन घे, पन पोत्यावरची नजर काढू नको.... पारडी आली काय? तिथं सप्पाच उतरतात, तू उतरू नको. बसून राय. गणेशपेठ म्हनल्याशिवाय हालू नको." मुलींचा प्रवास २०२३ पासून अर्ध्या तिकिटात होतो, याची आठवण भाऊ कंडक्टरच्या आधी करून देतो.

गणेशपेठच्या स्टँडवर भाऊ उभा असतो. एका हातात हेल्मेट. खांद्याला काळी बॅग, तिचं बिऱ्हाड एकदा उघडून पाहण्यासारखं आहे. स्टेपलर, डिंकाची नळी, स्टॅम्पपॅड, कोऱ्या अर्जांचा गठ्ठा, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत निदान वीस अनोळखी चेहऱ्यांचे पासपोर्ट फोटो. "असू द्याव," तो म्हणतो, "कोनाचा कधी लागते सांगता येत नाही." पोराने वाकून नमस्कार केला की भाऊ त्याच्या पाठीवर थाप मारतो आणि दोनच शब्द विचारतो. "जेवला काय?"

याचं उत्तर काहीही असो, दोघं तर्री पोह्यांच्या गाडीवर जातात. पोह्यांवर चण्याची लाल तर्री पडते, पोराच्या डोळ्यांत पाणी येतं. ते तिखटाने आलं की आणखी कशाने, हे भाऊ विचारत नाही. मुद्दाम तिखट गाडीच निवडतो, म्हणजे पोराला कारण हाताशी असतं. माझ्या मते भाऊच्या सगळ्या कलांमध्ये ही सर्वात वरची.

मग रूम. कॅम्पसच्या भोवती पांढराबोडी, तेलंगखेडी, रामनगर, रविनगर या भागात भाऊला माहीत नाही असा जिना नाही. घरमालकांचे त्याने केलेले वर्ग आहेत: पाणी मोजणारे, पाहुणे मोजणारे, आणि "आमच्या घरचेच समजा" म्हणणारे. तिसऱ्या वर्गापासून तो पोरांना लांब ठेवतो. डिपॉझिटची घासाघीस तो इतक्या जिव्हाळ्याने करतो की शेवटी मालकीणबाईच त्याला विचारते, "भाऊ, तुमच्या लग्नाचं काय झालं?" तिथे मात्र घासाघीस आटोपती घेतली जाते.

रूमहून अवघड प्रश्न मेसचा. बाहेरच्या वाचकाला हे कळायचं नाही. आमचा पट्टा भाताचा. कोहळी मंडळींनी पिढ्यान् पिढ्या तलाव बांधून ठेवले, नवेगावचा बांध त्यातलाच, आणि त्या पाण्यावर आम्ही तिन्ही त्रिकाळ भात खाऊन वाढलो. नागपूरच्या मेसच्या ताटात चार पोळ्या असतात आणि वाटीभर भात. वाटीभर! आमच्याकडे एवढा भात पाहुणा नको म्हणाला तरी वाढतात. पोरगा पहिले आठ दिवस पोळ्या खातो आणि रात्री अकरा वाजता उपाशी असल्यासारखा छताकडे पाहत पडतो. नवव्या दिवशी भाऊ मेसवाल्या काकूंकडे शिष्टाई करतो. करार असा होतो की दोन पोळ्या कमी आणि भात पोटभर. काकू म्हणतात, "तुमच्याकडचे पोट्टे आले की माझा तांदूळ महिनाभर पुरत नाही." भाऊ लगेच पोराच्या पोत्यातला पायलीभर तांदूळ काकूंच्या ओट्यावर नेऊन ठेवतो. चिन्नोर असेल तर वास घेऊनच काकू विरघळतात. या व्यवहारात भाऊचा काय फायदा? रविवारी त्याचा डबा फुकट असतो. त्यावरून "भाऊ कमिशन खातो" अशी कुजबुज अधूनमधून उठते. खातो तर खातो. पायलीभर तांदळातून रविवारचा एक डबा सुटत असेल, तर यापेक्षा वाईट दलाल मी नागपुरात पुष्कळ पाहिले आहेत.

कागदांच्या बाबतीत भाऊ कडक आहे. इथे त्याचा आवाज बदलतो. "टीसी. सनद. उत्पन्नाचा दाखला, तहसीलदाराचा, यावर्षीचा. डोमिसाइल. जातीचा. व्हॅलिडिटी." व्हॅलिडिटी म्हणताना तो क्षणभर थांबतो, कारण पुष्कळ पोरांचा चेहरा इथेच पडतो. ज्यांना नॉन क्रीमीलेयर लागतं त्यांनी तेही. मग अँटीरॅगिंगचं हमीपत्र, एक पोराचं आणि एक पालकाचं. पालक त्या वेळी बांधीत असतो, त्यामुळे त्याची सही भाऊ फोनवर समजावून मागवतो. पुढच्या आठवड्यात ती कोणाच्या तरी पिशवीतून दह्याच्या डब्यासोबत येते. दह्याचा डाग पडलेलं हमीपत्र एकदा खिडकीवर नाकारलं गेलं. भाऊने दुसरं आणवलं आणि तेव्हापासून कागद आणि दही वेगळ्या माणसांकडून पाठवायचा नियम केला.

योजनांचं तर विचारू नका. भाऊला शासन निर्णय तारखेसकट तोंडपाठ. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती वेगळी, वसतिगृह वेगळं, आणि वसतिगृहात नंबर नाही लागला तर काय, हे तर पुढचं. अनुसूचित जातीच्या पोरांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी पोरांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसींसाठी नंतर आलेली सावित्रीबाई फुले आधार योजना. नागपुरात स्वाधारचे वर्षाला साठ हजार, त्यात जेवणाचे बत्तीस, राहण्याचे वीस आणि निर्वाहाचे आठ. हा हिशोब भाऊ बोटांवर करून दाखवतो आणि मग खरी गोष्ट सांगतो. "हे पैसे येतात. पन कधी येतात ते इचारू नको. तोपर्यंत घरून मागव, दुकानात उधारी ठेव, पन अभ्यास सोडू नको. आनि खात्याले आधार लागलं आहे काय ते आजच पाय." कित्येकांचं आधार गावच्या कोणत्या तरी जुन्या खात्याला जोडलेलं निघतं, जे बापाने एकदा धानाच्या बोनससाठी उघडलं होतं. पोराची शिष्यवृत्ती तिकडे जाऊन पडते. बाप म्हणतो, सरकारने या वर्षी बोनस बरा दिला. एकदा त्यातून पोराचे पैसे परत काढेपर्यंत बापाने पंपाची मोटार घेऊन टाकली होती.

नव्या पोरांना आधार द्यायची सरकारी व्यवस्था नाही असं कोणी म्हणू नये. यूजीसीने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावाचा कार्यक्रम सांगितला. नवीन विद्यार्थ्यांना रुळवावं, ओळखी करून द्याव्यात, मार्गदर्शक शिक्षक नेमावेत, असं सगळं त्यात आहे, आणि चांगलं आहे. रॅगिंगविरुद्धचे नियम २००९ पासून आहेत, १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे. भाऊ हा नंबर प्रत्येक पोराच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावतो आणि त्याखाली स्वतःचा. "आधी वरचा लाव. नाही लागला तर खालचा. रात्री बारानंतर आधी खालचाच." स्वागताच्या कार्यक्रमाला तो दरवर्षी शेवटच्या रांगेत हजर असतो. व्यासपीठावरून कोणीतरी सांगतं की तुम्ही आयुष्याच्या महत्त्वाच्या वळणावर उभे आहात. भाऊ मान डोलावतो. वळण कोणी कितीदा घ्यावं यावर यूजीसीने काही म्हटलेलं नाही.

समुपदेशन कक्षही असतात. पण आमच्याकडचा पोरगा त्या पाटीखालून मान खाली घालून निघून जातो. 'समुपदेशन' हे त्याला काहीतरी दुखण्याचं नाव वाटतं. त्याला जे होतं त्याला तो म्हणतो, "करमत नाही." पंधरा-वीस दिवस झाले की हे सुरू होतं. वर्गात इंग्रजी चालते, बाजूचा पोरगा प्रश्न विचारतो, याला उत्तर येत असतं पण तोंडातून निघत नाही. निघालं तर 'आणि' ऐवजी 'आनि' निघतं आणि मागून कोणीतरी हसतं. एका संध्याकाळी तो बॅग भरून भाऊच्या दारात उभा. "जातो भाऊ घरी."

भाऊ वाद घालत नाही. "चाल, सोडून देतो," म्हणतो आणि गाडी काढतो. गणेशपेठ उजवीकडे, गाडी जाते डावीकडे, फुटाळ्यावर. तिथे कणीस घेतात, चहा घेतात. मग भाऊ सहज विचारतो, "घरी जाऊन काय करशीन?"

"रोवना."

"रोवना तं झाला. आता निंदन लागलं आहे."

पोरगा गप्प होतो. पाठ वाकवून चिखलात तण उपटत जाणं त्याने लहानपणापासून केलेलं असतं. ते आठवतं. पाच-दहा मिनिटं तलावाकडे पाहून तो म्हणतो, "सोमवारी प्रॅक्टिकल आहे म्हना." गाडी परत फिरते. मी मानसशास्त्राची पुस्तकं थोडीफार चाळली आहेत. निंदणाचा असा उपयोग कुठे वाचल्याचं आठवत नाही.

सगळेच परत फिरतात असं नाही. काही खरोखर जातात. मग भाऊ घरमालकाशी भांडून डिपॉझिट सोडवतो आणि पैसे गावी पाठवतो, त्यातून एक रुपया न घेता. हे तो कोणाला सांगत नाही. बाकी सगळं सांगतो.

सांगण्याची हौस मात्र दांडगी. "माझा पोट्टा तलाठी झाला," "माझी पोट्टी बँकेत लागली," असं तो म्हणतो तेव्हा नवखा माणूस दचकून त्याच्या वयाकडे पाहतो. जिल्ह्यात त्याचे असे पोट्टे जागोजागी आहेत. त्यातला एक एका कार्यालयात खिडकीमागे बसतो; कोणत्या ते सांगत नाही, उगाच त्याची बदली व्हायची. भाऊ एकदा कोणाचातरी अर्ज घेऊन तासभर रांगेत उभा राहिला आणि त्याच्याच खिडकीशी पोचला. त्याने वर न पाहताच सांगितलं, "झेरॉक्सवर सही नाही. उद्या या." भाऊ बाहेर आला. आम्हाला वाटलं, आता हा संतापणार. भाऊचा चेहरा फुलून आला होता. "बरोब्बर बोलला. सेल्फ अटेस्टेड पाहिजेच. मीच शिकवलं त्याले."

निवडणूक आली की भाऊचा भाव वधारतो. विधान परिषदेच्या नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघात सहा जिल्हे येतात, आणि मतदार नोंदवायचा फॉर्म क्रमांक १८ भाऊच्या बॅगेत बारमाही असतो. पदवी मिळून तीन वर्षं झालेली असली पाहिजेत ही अट. भाऊ ती कित्येक वेळा पूर्ण करतो. इच्छुक उमेदवार गाडीतून उतरून त्याच्या रूमचा जिना चढतात, तिथे जमिनीवर झोपलेल्या 'दोन दिवसांसाठी आलेल्या' सहा पोरांवरून पाय टाकत आत येतात आणि "भाऊ, तुमच्याकडचे किती?" असं विचारतात. एकदा "तुम्हीच उभे राहा" असं कोणीतरी म्हणालं. आठ दिवस भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून फिरला. मग प्रवेशाची दुसरी यादी लागली आणि तो विषय मागे पडला.

त्याच्या दिग्विजयाचं आणखी एक क्षेत्र म्हणजे हिवाळ्यातले स्वेटर. गोठणगावला १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. थंडीत तिबेटी विक्रेते शहराशहरांत स्वेटरची दुकानं लावतात. भाऊ प्रत्येक दुकानापुढे उभा राहून विचारतो, "कोनचे जी? गोठणगावचे काय?" बहुतेक वेळा दुकानदार कर्नाटकातल्या वसाहतीतला निघतो आणि हिंदीत भाव सांगतो. भाऊ तरीही "आपल्या गावच्या बाजूले तुमचे लोक राह्यतात" म्हणून पन्नास रुपये कमी करायला लावतो. एकदा मात्र खरोखर गोठणगावची बाई भेटली. तिने अस्सल आमच्या बोलीत उत्तर दिलं. "हाव, गोठनगावचीच आहो. पन भाव कमी नाही होत." भाऊने पूर्ण पैसे देऊन दोन स्वेटर घेतले आणि दिवसभर खुश होता.

महाशिवरात्रीला मात्र त्याची पंचाईत होते. आमच्याकडची सगळी पोरं यात्रेला गावी निघतात, आणि त्यांना गाडीत बसवून देणारा भाऊही सोबत निघतो. प्रतापगडच्या गर्दीत त्याने नागपूरला लावलेल्या प्रत्येक पोराचा बाप, मामा, आजा भेटतो. आधी भरभरून पाया पडणं होतं. आया पदराखालून चिवड्याची पुडी काढून देतात. आणि मग कोणीतरी म्हातारा प्रेमानेच विचारतो, "मंग बाबू, तू कोठी लागला नोकरीवर?" भाऊ म्हणतो, "दर्शनाची रांग सरकली वाट्टे," आणि दिसेनासा होतो. त्याच्या बापानेही हे विचारणं सोडून बरीच वर्षं झाली. आता तो लोकांना सांगतो, "पोरगा युनिव्हर्सिटीत आहे." यात खोटं काहीच नाही.

मी एकदा त्याला याच विषयावर छेडलं. भाऊ चिडला नाही. म्हणाला, "आपलं विद्यापीठ निघालं १९२३ ले. २००५ मध्ये त्याले नाव देलं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजाचं. महाराजानं किती शाळा शिकली? तरी ग्रामगीता लिहिली का नाही? ज्याच्या नावाचं विद्यापीठ, त्यानं कुठं पीएच.डी. केली?" मी म्हणालो, महाराजांनी विद्यापीठाचे इतके फॉर्मही भरले नव्हते. भाऊ मोठ्याने हसला. मग म्हणाला, नेटचा फॉर्म भरायची शेवटची तारीख काल होती. काल तो केशोरीच्या एका पोराचं मायग्रेशन काढायला दिवसभर फिरत होता. हे ऐकून मला त्याच्याबद्दल कीव आली की राग, मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्याच्या फॉर्मची शेवटची तारीख चुकली असती तर तो रात्री झोपला नसता. स्वतःची चुकली तर जेवून निजतो. कदाचित त्याला त्या खिडकीच्या आत जायचंच नसेल. बाहेर रांगेत उभं राहणाऱ्यांना त्याची जेवढी गरज आहे, तेवढी आत कोणाला असणार?

अलीकडे भाऊ जरा अस्वस्थ असतो, आणि याला कारण मोबाइल. यंदा गोठणगावकडची एक पोरगी एम.एस्सी.ला आली. बापाने सांगितलं म्हणून तिने भाऊला फोन केला होता, आणि भाऊ नेहमीप्रमाणे बॅग लावून गणेशपेठला हजर. मी योगायोगाने सोबत होतो. पोरगी उतरली, पोतं स्वतःच खाली घेतलं.

"जेवली काय?"

"हो, साकोलीला डबा खाल्ला."

भाऊ एक पायरी खाली आला. "बरं. व्हॅलिडिटी?"

"अकरावीतच काढली."

"उत्पन्नाचा? यावर्षीचा?"

"आहे. आपले सरकारवरून काढला. मोबाइलमध्येही आहे, दाखवू?"

"नको. महाडीबीटी?"

"भरलं. आधार सीडिंगही तपासलं. एबीसी आयडी झाला. मुलींच्या वसतिगृहात नंबर लागलाय, तिथे मेट्रोने कसं जायचं तेही पाहून ठेवलं."

मी भाऊकडे पाहिलं. त्याने काळी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. स्टँडवर गर्दी होती, लोक धक्के मारून जात होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भाऊला पुढचा प्रश्न सुचत नव्हता. पोरीलाच ते जाणवलं असावं. ती म्हणाली, "भाऊ, तुमचं नेटचं काय झालं? बाबा म्हणत होते. डिसेंबरच्या फॉर्मची तारीख मी पाहून देऊ का? भरून पण देते, दहा मिनिटं लागतात."

"माझं राहू दे," भाऊ घाईने म्हणाला. त्याने पोत्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, मग एकदम त्याच्या डोळ्यांत चमक आली.

"गादी घेतली काय?"

"नाही. वसतिगृहात नुसता पलंग आहे म्हणे."

"हात् तिच्यायचं!" भाऊने पोतं उचलून खांद्यावर टाकलं. "कापसाची पाहिजे, फोमची घेऊ नको, पाठ जाते. अन् पहिला भाव सांगितल्यावर तू काही बोलू नको, मी बोलतो. चाल."